नळीत बसलेले शिसे

ज्या गावाचे नाव परंपरेने गुरू द्रोणाचार्यांशी जोडले गेले आहे, ज्याच्या खांडसा नामक वस्तीत एकलव्याचे देऊळ आजही कारखान्यांच्या शेजारात टिकून आहे, आणि ज्याच्या अरवलीच्या पायथ्याशी असलेल्या कादरपुरात, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या मैदानावर, २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांतील लांब पल्ल्याच्या बंदुकांचे सामने झाले, त्या गुरुग्रामात राहणाऱ्याने नेमबाजीविषयी चार शब्द लिहिले तर ते वावगे ठरू नये. तथापि माझा विषय लक्ष्य नव्हे आणि नेम तर नव्हेच. मला लिहावयाचे आहे ते शिशाच्या गोळीविषयी. तीही घरी ओतलेल्या, आणि पिस्तुलाच्या नळीत शिरताच सासुरवाशिणीसारखी नाना दुखणी काढणाऱ्या गोळीविषयी.

या विषयाशी माझा संबंध आला तो माझ्या भाच्यामुळे. तो गेली बारा-तेरा वर्षे अमेरिकेत टेक्सास राज्यात असतो. आपल्याकडे नोकरदार मनुष्य रविवारी गच्चीवरील कुंड्यांना पाणी घालतो, तसा तेथील गृहस्थ मोटारीच्या खोलीत शिसे वितळवून, साच्यात ओतून, स्वतःच्या पिस्तुलासाठी गोळ्या तयार करतो, आणि त्यात कोणास काही विशेष वाटत नाही. भाच्याला हा नाद शेजाऱ्याकडून लागला. पहिल्या पत्रात उत्साह होता, दुसऱ्यात शंका होती, आणि तिसऱ्यात सरळ कैफियतच होती. "मामा, तीस गोळ्या झाडल्या की नळी आतून चांदीसारखी चमकते. पहिल्या दहा बऱ्या लागतात, पुढच्या कुठेही जातात, आणि कागदावरची भोके गोल न पडता लांबट पडतात, जणू गोळी आडवी होऊन गेली. शिसे मऊ पडत असावे म्हणून जुने छापखान्याचे खिळे आणून मिसळले, तर दुखणे दुप्पट झाले." सोबत छायाचित्रे होती. शिसे म्हटले की मला शाळेतली शिसपेन्सिल आठवते, आणि तिच्यातही शिसे नसून ग्राफाइट असते हे कळायला मला पन्नाशी यावी लागली. तेव्हा या कैफियतीची तड लावणे माझ्या आवाक्यातले नव्हते.

येथे वाचकांना एक गोष्ट प्रथमच सांगून टाकणे इष्ट. टेक्सासमध्ये जो रविवारचा छंद, तो आपल्या देशात गंभीर अपराध आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत झालेल्या १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्याने तर बंदूक आणि बारूद यांवर न थांबता गंधक, सोरा आणि शिसे या कच्च्या मालापर्यंत सरकारचा हात पोहोचेल अशी तजवीज करून ठेवली होती. स्वातंत्र्यानंतर आलेल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि ते बनविण्याची यंत्रसामग्रीही घातली. परवान्यावाचून दारूगोळा बनविणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची, आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. सबब या लेखातील मजकूर कोणी पाककृती म्हणून वाचू नये. रोगाचे निदान वाचल्याने कोणी वैद्य होत नाही, आणि हा लेख तर केवळ एका निदानाची हकीकत आहे.

निदान करणारे वैद्य मला आमच्याच वसाहतीच्या बागेत भेटले. साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार; सैन्याच्या ई.एम.ई. शाखेत आर्मरर म्हणून त्यांची सारी हयात बंदुका दुरुस्त करण्यात गेली. मुलगा येथील एका संगणक कंपनीत नोकरीस असल्यामुळे ते हल्ली गुरुग्रामात राहतात, आणि चौदाव्या मजल्यावरून खाली उतरून, मोगऱ्याच्या वाफ्याजवळील बाकावर, गावाकडच्या पारावर बसावे तसे बसतात. गणेशोत्सवात त्यांची ओळख झाली होती. मी भाच्याचे पत्र वाचून दाखविले, छायाचित्रे पुढे केली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, चित्र दूर धरले, जवळ धरले, आणि म्हणाले, "साहेब, पोराला एवढंच इचारा, नळी मोजलीया का? शिसं मऊ हाय का कडक, ते मागनं बघू."

त्या एका प्रश्नात सारे शास्त्र होते हे मला पुढे पंधरा दिवसांनी उमगले. ते शास्त्र मला जसे समजले तसे सांगतो.

पिस्तुलाची नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्यात मळसूत्राच्या आट्यांप्रमाणे पीळदार खाचा कोरलेल्या असतात, आणि गोळी त्या खाचांत रुतून, त्यांच्या पिळाबरोबर स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते. हा फिरण्याचा गुणच तिला सरळ नेतो. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो आणि मंदावताच कलंडतो, हे सांगायला आर्मरर लागत नाही. पण गोळीने खाचांत रुतावे यासाठी ती नळीच्या खोल खाचांच्या व्यासाहून किंचित मोठी असावी लागते. किंचित म्हणजे किती, तर इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरच्या हिशेबात सुमारे दोन-अडीच शतांश. शिसे नमते घेणारे असल्यामुळे एवढी अधिक जाडी ते सोसते आणि डब्यावर घट्ट झाकण बसावे तसे नळीत बसते.

आता हीच गोळी नळीहून किंचित बारीक निघाली तर काय होते? बारूद पेटताच जो वायू उत्पन्न होतो त्याची उष्णता दोन हजार अंशांच्या पलीकडची असते, आणि शिसे तर अवघ्या ३२७ अंशांना वितळते. तरीसुद्धा गोळीचे बूड वितळत नाही, कारण हा सारा प्रकार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो. मेणबत्तीच्या ज्योतीतून बोट झर्रकन नेले तर भाजत नाही, तसेच ते. परंतु गोळी आणि नळी यांच्यामध्ये फट राहिली, की तोच वायू प्रचंड दाबाखाली त्या फटीतून पुढे धावतो आणि लोहाराच्या भात्यातील झोताप्रमाणे गोळीची कड कापत, वितळवत जातो. ते कापलेले शिसे नळीच्या थंड पोलादावर जाऊन बसते. भाच्याने पाहिलेली चांदी ती हीच. पुढची गोळी या थरावरून घसटत जाते, आणखी शिसे सोडते, खाचा बुजत जातात, आणि शेवटी अशी वेळ येते की गोळीला पीळ मिळतच नाही. ती कलंडत जाते आणि कागदावर आपल्या कुशीचा ठसा उमटवते.

येथेच बहुतेकांची फसगत होते. नळीत शिसे दिसले की मनुष्य शिशाला दोष देतो: धातू मऊ, तो झिजतो, तेव्हा कडक करा. हा तर्क इतका स्वाभाविक आहे की भाच्याला त्यासाठी दोष देण्याचे मला धैर्य होत नाही. वस्तुतः मऊ गोळीमध्ये एक गुण असा असतो की मागून दाब येताच तिचे बूड थोडे फुगते आणि फट आपोआप बुजते. कडक गोळी फुगत नाही. मापाने बारीक असलेली गोळी कडक करणे म्हणजे आखूड सदऱ्याला खळ घालण्यासारखे आहे. ताठ होतो, पण लांब होत नाही. भाच्याचे दुखणे दुप्पट झाले ते त्याने केलेल्या उपायामुळेच.

त्याने वापरलेल्या खिळ्यांविषयी मात्र मराठी वाचकास दोन क्षण थांबावेसे वाटेल. शिसे, कथील आणि अँटिमनी या तिहींच्या मिश्रणातून छापखान्याचे टाइप ओतले जात. अँटिमनीने धातूला काठिण्य येते आणि थिजताना होणारे आकुंचन कमी होऊन अक्षराची कड रेखीव उमटते. लायनोटाइप यंत्राच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरात ज्या देखण्या देवनागरी खिळ्यांनी संस्कृत ग्रंथ छापले गेले ते खिळे याच कुळातील. संगणक आले, खिळे भंगारात गेले, आणि अमेरिकेत त्यांच्या गोळ्या होऊ लागल्या. गीतेचा श्लोक छापणारा धातू आणि जीव घेणारा धातू मुळात एकच, या विचाराने कोणी हळहळू नये. असे प्रवास पूर्वीही झाले आहेत. १७७६ च्या जुलैत न्यूयॉर्कमधील लोकांनी तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा अश्वारूढ पुतळा दोर लावून पाडला, त्याचे तुकडे कनेक्टिकटमधील लिचफील्ड गावी नेले, आणि त्यातून ४२,०८८ गोळ्या ओतल्या. राजाला त्याच्याच सैन्याकडे परत पाठविण्याची ही पद्धत मला तरी फार हिशेबी वाटते. आकडा इतका तंतोतंत लिहून ठेवणारा कारकून कोण असेल, याचेही कुतूहल वाटते.

सुभेदारांचा दुसरा प्रश्न असा होता की चांदी नळीत नेमकी कोठे बसते. मला वाटले होते की घाण ती घाण, तिला ठिकाण कसले? पण वैद्य जसा 'पोटात दुखते' एवढ्यावर भागवून न घेता बोट ठेवून दाखवायला लावतो, तसे त्यांचे चालले होते. काडतूस ज्या घरात बसते त्याच्या लगतच, नळीच्या आरंभी थर असेल, तर गोळी बारीक आहे किंवा दाबाच्या मानाने फार कडक आहे, कारण वायूचा जोर तेथेच सर्वांत अधिक असतो. थर जर नळीच्या तोंडाकडे असेल, तर गोळीवरील वंगण वाटेतच संपले. आणि सर्वत्र सारखा असेल, तर नळी आतून खरखरीत आहे किंवा तिच्यात जुन्या तांब्याचा लेप राहिला आहे. भाच्याने उलट टपाली कळविले: आरंभीच.

मग नळी मोजण्याचे ठरले. त्याची रीत जुनी आणि सोपी आहे. मऊ शिशाचा एक गोळा तेल लावलेल्या, रिकाम्या, सुट्या केलेल्या नळीतून हलकेच ठोकत पार नेतात आणि त्यावर उमटलेला खाचांचा ठसा सूक्ष्ममापकाने मोजतात. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या नळ्या कागदावर एका मापाच्या असल्या तरी प्रत्यक्षात कारखान्यागणिक थोड्या भिन्न निघतात. भाच्याची नळी ९.०७ मिलिमीटर भरली, गोळी ९.०३. अंतर चार शतांश मिलिमीटरचे, म्हणजे माणसाच्या डोक्यावरील केसाहूनही बारीक. "बघा," सुभेदार म्हणाले, "केसानं गळा कापला म्हणत्यात त्यो ह्यो असा."

शिशाच्या या दुखण्याचा इतिहास मोठा आहे, आणि गुरुग्रामला तो परका नाही. १८०३ च्या डिसेंबरात सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांच्या अंमलातील हा मुलूख इंग्रजांकडे गेला. बादशाहपूर आणि झाडसा हे परगणे शिंद्यांची मित्र बेगम समरू हिच्या ताब्यात होते, आणि झाडशाच्या नावाचे चौक-रस्ते आजही मोटारींच्या रांगांत सापडतात. त्यानंतर अर्धशतकाने कंपनी सरकारने आपल्या शिपायांना एनफील्डची पीळदार नळीची बंदूक देण्याचे ठरविले, आणि पीळदार नळीबरोबर शिशाचे जुने दुखणेही आले. तोंडाने भरावयाच्या त्या बंदुकीत गोळी वरून खाली दामटावी लागे; ती सहज उतरावी आणि नळीत शिसे व काजळी बसू नये म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावलेले असे. गाईची आणि डुकराची चरबी म्हणून ज्याच्याविषयी बोभाटा झाला ते हेच वंगण. एप्रिल १८५७ मध्ये मेरठच्या कवाइतीवर ९० पैकी ८५ स्वारांनी काडतूस घेण्याचे नाकारले. १० मे रोजी उठाव झाला, ११ मे रोजी दिल्ली गेली, आणि १३ मे रोजी उठावाच्या स्वारांची तुकडी गुडगावात येऊन थडकली. वरसईहून द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडशांच्या कानी काडतुसांची वार्ता महूच्या आसपास वाटेत भेटलेल्या शिपायांकडूनच आली, आणि 'माझा प्रवास' या आत्मकथनात ती त्यांनी नोंदवून ठेवली. शिपायांच्या धर्मभावनेचे आणि कंपनीच्या मग्रुरीचे विवेचन इतिहासकारांनी विपुल केले आहे. पण वंगण मुळात लागतच का होते, हे सांगण्याचे त्यांतील फारच थोड्यांना सुचले. पोलाद आणि शिसे एकमेकांवर कोरडे घासले तर शिसे मागे राहते, म्हणून. तख्ते ज्या उठावात हलली त्याच्या मुळाशी, अनेक कारणांपैकी एक म्हणून का होईना, भाच्याच्या मोटारखोलीतलीच अडचण होती.

पुढे १८८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने शिशाच्या गोळीला तांब्याचे कवच चढविले, त्यामागोमाग फ्रान्समध्ये धूरविरहित बारूद निघाली, आणि सैन्यांपुरता हा प्रश्न मिटला. उघडी शिशाची गोळी मुख्यतः दोन ठिकाणी उरली: हौशी लोकांच्या साच्यांत, आणि नेमबाजीच्या मैदानावर.

हे दुसरे ठिकाण आमच्या घरापासून फार दूर नाही. १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी तुघलकाबादेस बांधलेले डॉ. कर्णी सिंह नेमबाजी मैदान असोला-भट्टी अभयारण्याच्या कडेला आहे. मराठी मनुष्याने तेथे जाताना थोडी आपलेपणाची भावना बाळगण्यास हरकत नाही, कारण ज्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या आधिपत्याखाली देशातील सारे सामने होतात ती १९५१ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे धुरीण होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, आणि राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळविण्यासाठी होणारी चाचणी-स्पर्धा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. याच तुघलकाबादच्या मैदानावर २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांत कोल्हापूरच्या राही सरनोबत आणि पुण्याच्या खडकीत वाढलेल्या अनिसा सय्यद यांनी २५ मीटर पिस्तुलाचे सांघिक सुवर्णपदक मिळविले. राहीने पुढे २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात वैयक्तिक सुवर्ण पटकावले. या स्पर्धेत जी .२२ ची गोळी लागते तिचे वजन अवघे २.६ ग्रॅम, आणि आंतरराष्ट्रीय नियमच असा की ती शिशाची किंवा तशाच मऊ धातूची असावी, तिला कवच नसावे. म्हणजे भाच्याचा शत्रू या विजेत्यांच्याही नळीत रोज वस्तीस असतो. फरक एवढाच की त्यांची गोळी कारखान्यात शतांशाच्या हिशेबाने घडविलेली असते, तिच्यावर मेणासारख्या वंगणाचा पातळ हात फिरविलेला असतो, आणि तरीही प्रत्येक नळीला प्रत्येक घाण मानवत नाही. घाण हा शब्द मी तेल्याच्या अर्थाने वापरतो आहे. एका वेळी काढलेला माल. त्याच कारखान्याच्या, त्याच नावाच्या काडतुसांच्या निरनिराळ्या घाणींतून आपल्या नळीला सोसणारी घाण शोधण्यासाठी मोठे नेमबाज परदेशी कारखान्यांपर्यंत जातात, नळी चिमट्यात बसवून शेकडो गोळ्या झाडून पाहतात, आणि जी घाण एका भोकात भोक पाडते तिचा साठा विकत घेतात. आंब्याच्या पेटीतला एक आंबा कापून पाहणाऱ्या आपल्या आजोबांना या व्यवहारात काहीच नवे वाटले नसते.

सामान्य परवानाधारकाला मात्र एवढी चैन नाही. त्याच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसे बहुधा सरकारी कारखान्याची, आणि त्यांतील पुष्कळांच्या बुडावर 'केएफ' ही मोहोर असते, ती खडकीची. तेथील कारखाना १८६९ पासूनचा. वरणगावचा कारखाना १९६४ चा, आणि तो जळगाव जिल्ह्यातला. हरियाणातील एखाद्या जमीनदाराच्या कमरेला मुळा आणि तापी यांच्या काठची मेहनत लटकलेली असते, हे त्याच्या गावीही नसेल.

भाच्याने मोठ्या मापाचा नवा साचा मागविला. मी निश्चिंत झालो. लेखही येथेच संपता. पण महिन्याने पत्र आले की गोळी आता ९.०९ भरते, तरी चांदी आहे तशीच. मला सुभेदारांसमोर जाण्याचा संकोच वाटू लागला, जणू औषध लागू पडले नाही याचा ठपका माझ्यावरच होता. त्यांनी मात्र मान डोलावली. "गोळी साच्यातनं निघाल्यावर मोजली. काडतुसात बसल्यावर मोजली का? एक काडतूस खोलून बघाय सांगा."

भाच्याने काडतूस खोलून गोळी बाहेर काढली. ती ९.०३ भरली. पितळी पुंगळी आणि तिचे तोंड आवळणारे हत्यार ही दोन्ही तांब्याच्या कवचाच्या कडक गोळीसाठी घडविलेली. नऊ मिलिमीटरची पुंगळी आतून बुडाकडे जाड होत जाते, आणि मऊ शिशाची मोठी गोळी तिच्यात बसताना लहान होऊनच बसते. साचा बरोबर, माप बरोबर, आणि तरीही नळीपर्यंत पोहोचणारी गोळी चुकीची. हे कारण मी कोणत्याही पुस्तकात वाचले असते तर पानावरून नजर पुढे गेली असती. सुभेदारांची कार्यपद्धती मला या ठिकाणी कळली: जी वस्तू मोजायची ती तिच्या कामाच्या जागी मोजायची, तिच्या जन्मस्थानी नव्हे. सरकारी दप्तरातील कित्येक योजना साच्यातून नीट निघतात आणि पुंगळीत बसताना बारीक होतात, असे एक वाक्य मला सुचले होते. ते मी त्यांना ऐकवले नाही.

किरकोळ तक्रारी आणखी होत्या. पिस्तूल रिव्हॉल्व्हरसारखे सोशीक नसते. त्याला काडतूस खालच्या पेटीतून उचलून, उतारावरून सरकवून घरात घालावे लागते, आणि शिशाचे मऊ नाक त्या उतारावर अडते, मेण जमून चिकटते, वरचा सरकता भाग पुरता मिटत नाही. काही पिस्तुलांच्या नळीत धारदार खाचांऐवजी गोलसर पैलू असतात; ऑस्ट्रियाची ग्लॉक कंपनी तर आपल्या अशा पिस्तुलांत उघड्या शिशाची गोळी वापरू नये असे बजावते. आणि एक तक्रार किरकोळ नव्हे. मराठीत निष्फळ गोष्टीला 'फुसका बार' म्हणून आपण हसतो. पिस्तुलातला फुसका बार हसण्याजोगा नसतो: आवाज मवाळ येतो, धक्का जाणवत नाही, आणि गोळी नळीतच अडकून राहते, दुसरी गोळी तिच्यावर झाडली की नळी फुगते किंवा फुटते. आवाज वेगळा आला की थांबायचे, हा नियम सुभेदारांनी मला दोनदा सांगितला, जणू मीच उद्या पिस्तूल हाती घेणार होतो.

एकदा मात्र ते रागावले. भाच्याने पाठविलेल्या नव्या छायाचित्रांत शिसे वितळविण्याची कढई, साचा आणि पळी यांच्या मागे, भिंतीशी, लहान मुलाची तीनचाकी दिसत होती. "पोरगं केवढं हाय?" त्यांनी विचारले. दोन वर्षांचे, मी म्हणालो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

शिशाचे भय लोक वाफेत शोधतात. तप्त रसाला पाण्याचा थेंब लागला तर वाफ शेकडो पटींनी फुगून रस उसळतो आणि मनुष्य भाजतो, हे खरेच. पण तो अपघात निदान दिसतो. न दिसणारे संकट म्हणजे रसावर धरणारी राखाडी साय आणि काडतुसाच्या टोपीतून उडणारी भुकटी, जिच्यात शिशाचाच एक क्षार असतो. ती हातांवर, चपलांवर, तीनचाकीच्या मुठीवर बसते आणि तोंडावाटे पोटात जाते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवून ठेवते, दशकानुदशके. मोठ्या माणसाच्या मानाने मूल ते चार-पाच पट अधिक शोषून घेते, आणि रक्तातील शिशाची अमुक पातळी निर्धोक, अशी कोणतीही पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. आपण २००० साली देशभरातील पेट्रोलमधून शिसे काढून टाकले ते याच कारणास्तव. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात दारूखाना घराजवळ नसावा, घरावरून येणाऱ्या वाऱ्याखाली नसावा, अशी ताकीद देऊन ठेवली आहे. त्यांच्या मनात आगीचे भय होते, विषाचे नव्हे. पण टेक्सासच्या मोटारखोलीला तो हुकूम जशाच्या तसा लागू पडतो.

मी त्याच रात्री भाच्याला फोन केला. आवाज चढवून बोलावे लागले नाही. त्याच्या पत्नीने पलीकडून सारे ऐकले होते. कढई शेजाऱ्याच्या शेतघरातील उघड्या पडवीत गेली, मुलाचे रक्त तपासायला दिले गेले, आणि आवळणीचे नवे हत्यार येईपर्यंत पिस्तूल कपाटात राहिले.

परवा त्याची शेवटची छायाचित्रे आली. ती घेऊन मी बागेत गेलो. एका चित्रात कागदाचे लक्ष्य होते, त्यावरील भोके गोल होती आणि तळहाताखाली झाकतील इतकी जवळ. दुसऱ्यात नळीचे आतले दृश्य, काळेशार आणि स्वच्छ. सुभेदारांनी फोन हातात घेऊन ती नळी पुष्कळ वेळ न्याहाळली, बोटांनी चित्र मोठे केले, पुन्हा लहान केले. "चिंदी मारलीया चांगली," एवढेच म्हणाले. नंतर मुलाच्या तपासणीचा निकाल आला का असे विचारले; पुढच्या आठवड्यात येईल, असे मी सांगितले.

मग ते उठले, बागेच्या कोपऱ्यातील माळ्याच्या नळाशी गेले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, खिशातून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली साबणाची वडी काढली, आणि केवळ एका चित्राला हात लावलेला असताना, दोन्ही हात कोपरापर्यंत थंड पाण्याने धुतले.